पंख्यातली धूळ

३ मार्च, सोमवार
लॅपटॉप पुन्हा तापला. विसाव्या मिनिटाला पंखा घरघरायला लागला, पंचविसाव्याला मांडीवर ठेववेना. सीनियर नर्सच्या बढतीचा पेपर पुढच्या सोमवारी — दोन तास, घरूनच, कॅमेरा चालू ठेवून. मागच्या वेळी मध्येच स्क्रीन काळी झाली, तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, "मशीनचा दोष तुझ्या माथी नको." वर अर्ज करून त्यांनीच ही दुसरी संधी मिळवून दिली. तिसरी नाही.

५ मार्च
नवऱ्याने दुरुस्ती केंद्रात फोन केला. मागचं झाकण उघडायचं नाही, स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की वॉरंटी गेली. "आणून द्या, दहा दिवस लागतील." पेपरला उरले पाच!
मी म्हटलं, राहू दे, यंदा नाहीच देत. तर म्हणतो, "न उघडता करू काहीतरी. तू फक्त अभ्यास कर."
अभ्यास! पुस्तक उघडते, औषधाच्या मात्रेचं गणित दिसतं, मिटते.

६ मार्च
त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि मी किंचाळलेच. स्टिकर शाबूत, नशीब. मग दोघांनी बाहेरूनच साफ केलं. लॅपटॉप बंद, वायर काढलेली. पंखा गरगरू नये म्हणून मी जाळीतून दातकोरणं घालून पातं अडवून धरलं. त्याने मऊ ब्रशने जाळी झाडली. दुकानात मिळतो तो दाबलेल्या हवेचा डबा घरात कुठला असायला — तान्ह्या बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा माझ्या नर्सिंगच्या पेटीत कोरा पडला होता, त्यानेच फुस्स फुस्स हवा मारली. करड्या धुळीचा चांगला बोळा निघाला.
"ही बघ, हिनेच तुझा घात केला," म्हणाला. मी हसले.

७ मार्च
दोन तास सलग चालवला. गार! त्याने माझा हात ओढून तळाला लावला. "बघ, बघ." केवढा खूश. मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेले.

९ मार्च
मेट्रनबाईंचा फोन. "आता काही काळजी नाही ना?" नाही म्हटलं.

१० मार्च, सकाळ
अकराला पेपर. तो बाहेर कुणाचा आवाज नको म्हणून दारात खुर्ची टाकून बसलाय. मागच्या वेळी लॅपटॉप बंद पडला नव्हता. गणित सुटेना, म्हणून मीच बटण दाबून धरलं होतं.