गिरजाआत्याची गोळी

शहापूर,
दि. ९ ऑगस्ट २०२५

ती. गिरजाआत्येस,
भाविकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. बरं बरं म्हणतेस नि ठेवून देतेस. म्हणून पत्र. आता पळ बघू कुठं पळतेस!

तुझे रिपोर्ट आले. रक्त बारा हवं, तुझं सहा आहे. आमच्या लॅबमध्ये तुझ्या शौचाच्या नमुन्याची काच मीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, जंतांची अंडीच अंडी. हे जंत चिखलातून तळपायाच्या कातडीतून शिरतात, आतड्याला चिकटतात नि रक्त पितात. रक्त कमी म्हणून हृदयाला जास्त धावावं लागतं. डॉक्टर म्हणाले, ते दमलंय, थोडं वाढलंयसुद्धा, पण आत्ताच उपचार केले तर सावरेल. धसईचा चढ चढताना तुला धाप लागते ती त्यामुळेच.

सोबत जंतांची गोळी आहे, लोहाच्या गोळ्या आहेत नि शेतात घालायला गमबूट.

साखर मात्र छान आहे हं तुझी. गंमत म्हणजे पोटात जंत असलेल्यांना साखरेचा आजार कमी होतो, असं काही अभ्यासांत दिसलंय म्हणे. तुझी साखर तुझ्या पाहुण्यांनीच फस्त केली असेल!

गोळी घेतल्याचं लगेच कळव. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
भाविका

धसई,
२१ ऑगस्ट

चि. भाविकास,
गिरजाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

अक्षराला हसू नको, चौथी शिकलेल्या बाईचं हाय. भाताची आवणी झाली, रोपं हिरवीगार उभी हायत. काकड्या एवढ्या लागल्यात का खाणारं कोण नाय. तू असतीस तर मीठ लावून सगळ्या संपवल्या असत्या.

बूट मिळाले. पण शेतात पायताण घालून कोण जातं गो? भात म्हंजे लक्षुमी. बांधावर चपला काढूनच आमी आत उतरतो, माझी सासूपण तशीच उतरायची.

लोहाच्या गोळ्या घेते. ती दुसरी नाय घेतली, नि घेणार पण नाय. तूच लिवलंस ना का जंतांनी साखर होत नाय? मग राहू दे त्यांना. साखरेनं कुंडलिकचं काय केलं ते मी बघितलं. तीन वर्सं तुझ्या बापाचं चिघळलेलं पाऊल मी धुतलं, भाविका. माझ्यापेक्षा सात वर्सांनी लहान भाऊ, पण मी पट्टी सोडली का भिंतीकडं तोंड करायचा. शेवटी त्याचं काळीजपण त्या साखरेनंच थकवलं. धाप लागते ती लागू दे. काळीज बंद पडलं तर एका दिवसात सगळं आटपेल, कोणाला त्रास नाय.

वेळेवर जेवत जा. आत्याला विसरू नको म्हंजे झालं.

तुझी आत्या,
गिरजा

शहापूर,
१ सप्टेंबर

ती. आत्येस,
भाविकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबमध्येच वाचलं नि रडले, सगळ्यांसमोर. वर आज तुमच्या गावच्या आशा सेविका रुपालीताईंचा फोन आला, की तू बांधावर चक्कर येऊन पडलीस. मला का नाही कळवलंस? किती गं हट्टी आहेस!

चूक माझी आहे. नको तिथं शहाणपणा केला. ते अभ्यास हजारो लोकांचे असतात, त्यात अजून कोणालाच नक्की काही ठाऊक नाही, नि पोटात जंत ठेवा असं एकही डॉक्टर सांगत नाही. तुला पुढं साखर होईल की नाही ते माहीत नाही. हृदय मात्र आज थकतंय. साखर आपण दर सहा महिन्यांनी तपासू, मी स्वतः तपासीन.

आणि कोणाला त्रास नाय म्हणजे काय? आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. माझ्या उवा काढल्यास, तापात रात्ररात्र मांडीवर घेतलंस, तेव्हा तुला त्रास झाला होता का? मग मला होईल हे तू परस्पर कसं ठरवलंस? मला फार राग आलाय तुझा.

बुटांचं म्हणशील तर दसऱ्याला विळा, कोयता, नांगर पुजतेस ना? त्यांच्या रांगेत बूटही मांड. पुजले की तेही अवजारच. मग लक्ष्मी कशाला रागवेल?

रागावले तरी तुझीच आहे, सांभाळून घे.

भाविका

धसई,
४ ऑक्टोबर

चि. भाविकास,
आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

गोळी घेतली गो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी, रुपालीच्या समोर, म्हंजे तू खोटं म्हणायला नको. काल तिनं परत रक्त तपासायला नेलं, साडेआठ आलंय. चढावर आता एकदाच थांबते.

दसऱ्याला बूट मांडले. शेजारची सरस्वती एवढी हसली का तिच्या हातातली हळद सांडली. मग म्हणाली, तिलापण आणून दे एक जोड. तुझ्या मापाचा पाय हाय तिचा.

तुझ्या रागाचं बरं वाटलं. कुंडलिक गेल्यापासून माझ्यावर कोण रागावलंच नव्हतं. त्या दिवशी बांधावर पडले, डोळ्यांपुढं अंधार झाला, तेव्हा मला वाटलेलं का सुटले आता. पण तसं काय झालं नाय. मी हातानं गवत धरून ठेवलेलं, घट्ट. रुपालीनं उठवलं तरी मूठ सुटंना. लाज वाटते लिवायला, पण तुला नाय सांगणार तर कोणाला? मला मरायचं नाय, भाविका. मला अजून लई जगायचं हाय.

दिवाळीला ये. जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझी आत्या,
गिरजा