नर्सने दारात विचारलं होतं

चिमीच्या आजीस,

आशीर्वाद. मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या नातीचं दुखणं मला आता नीट कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते. रक्तातल्या काही पेशी तिथे शिकतात आणि मग रोगाशी लढायला बाहेर पडतात. ज्या आपल्याच शरीरावर उलटतील, त्या तिथेच मारल्या जातात. शंभरातल्या दोन-चारच पास होतात. मी म्हटलं, "बाई, मी तर चौथी नापास, तिथे एक दिवस टिकलो नसतो." त्या हसल्या.

चिमीला ती ग्रंथीच नाही. म्हणून काचेच्या खोलीत ठेवलंय.

दुसऱ्या एका बाळाच्या हृदयाच्या ऑपरेशनमध्ये काढलेला ग्रंथीचा तुकडा काल तिच्या मांडीत बसवणार होते. पण तिला ताप आला, छाती भरली. आता ऑक्सिजन लावलाय. तो तुकडा फार दिवस टिकत नाही, वाया गेला. पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नाही म्हणे.

आता खरं लिहितो. रविवारी नर्सने दारात विचारलं, "आजोबा, सर्दी-खोकला काही?" मी नाही म्हणालो. घसा खवखवत होता गं, पण हो म्हटलं असतं तर आत सोडलं नसतं. तोंडावरचा मास्क खाली ओढून मी चिमीचा पापा घेतला.

आपली लेक ज्याला त्याला विचारतेय, हे कुठून आलं? आज तिला सांगणार आहे. तिचा फोन आला तर माझी बाजू घेऊ नकोस. तिला रडू दे.

तुझाच,
चिमीचा आजोबा