कण्हेरीचा हार

१७ ऑक्टो., वसुबारस. नायगाव
नांदेडहून सासरी. यंदा झेंडू पावसात कुजला. बाजारात आहे तो हात लावला की गळतो. म्हटलं, दारातली गुलाबी कण्हेर काय वाईट? महादेवाला चालते की. एसटीभर वास. अक्कांच्या, म्हणजे थोरल्या जाऊबाईंच्या, गाईसाठी हार मीच ओवला. मध्ये हिरवी पानं. "लई देखणा!" सगळे म्हणाले. मी फुगले.

१८, धनत्रयोदशी
घात झाला. काल पूजेसाठी गाय-वासरू शेजारी बांधलेलं. आम्ही फराळाला आत गेलो, तेवढ्यात चांदीनं (अक्कांची कालवड) आईच्या गळ्यातला हार अर्धा खाल्ला. आज तोंडातून लाळ, आचळाला तोंड लावेना. जनावरांच्या डॉक्टरांनी उरलेला हार बघून कपाळावर हात मारला. "कण्हेर? इख हाय हे!"
कण्हेर खायची नसते, हे मला काय माहीत नव्हतं? पण मी तर गळ्यात घालायला आणली होती. खाऊ कुठं घालत होते!

२०, नरकचतुर्दशी
अभ्यंगस्नान उरकलं नुसतं. डॉक्टरांनी कोळशाची पूड पाजली. जागचं हलवू नका म्हणाले, छातीचा ठोका चुकतोय. अक्का गोठ्यातच. चांदीच्या आजीला त्यांनी माहेराहून आणलं होतं, लग्नात. माझ्याशी एक शब्द नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चकल्या तळल्या. खायला कुणी नाही.

२२, पाडवा
चांदीनं मान उचलली! आईनं चाटलं तर कान हलवला. डॉक्टर : "चिवट हाय. पण ठोका अजून चुकून राहिला. इतक्यात काई सांगत न्हाई."
संध्याकाळी अक्का दारात आल्या. "चहा पिलीस का गं?" एवढंच. मी भोकाड पसरलं. बाई, किती रडावं माणसानं.

२४, नांदेड
रजा संपली, परत आलो. फाटकाशी कण्हेर भरभरून फुललेली, वास तोच गोड. मेलीला लाज नाही. हे कोयता घेऊन उभे. "तोडू का?" म्हटलं, राहू द्या. आपल्या दारात कुठं जनावर आहे? आणि ती कुणाच्या तोंडात शिरली नव्हती, मी नेली होती.
रात्री अक्कांचा फोन.
"उभी राहिली. दोन घोट पिली, परत बसली. बघू आता."
मी फोन कानाशी आणखी दाबला.
"ऐकून राहिलीस का? रविवारी ये. अन् येताना काई आणू नको. नुस्ती ये."