वर्तुळात आलेला शेजारी

किहीम, अमावास्येची संध्याकाळ

दुपारी पुण्याच्या एका अभ्यासकाची ईमेल आली. अगदी नम्र. तुम्ही मोजता तो कमी-जास्त उजळणारा तारा सर्वांत मंद होतो तेव्हाही तुमच्या आकड्यांत त्याचा उजेड पुरेसा कमी होत नाही, म्हणतो. वर्तुळ केवढं घेता?

वर्तुळ! फोटोतल्या ताऱ्याभोवती काढायचं आणि आतला प्रकाश मोजायचा. खाऱ्या वाऱ्यानं दुर्बीण हलते, तारा पसरतो, म्हणून मी ते पहिल्यापासून मोठंच ठेवलं. त्याला खेटून असलेला शेजारचा तारा आत येतो, हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. बारीक तर आहे, म्हणून सोडून दिलं. पण माझा तारा विझत आला की उरलेला उजेड त्या बारक्याचाच की! एवढी साधी गोष्ट.

"अहो, मग लहान वर्तुळ घेऊन परत मोजा ना," नारळ सोलता सोलता सुमन म्हणाली.

कशावर मोजू? कॉम्प्युटर भरतो म्हणून आकडा वहीत उतरवला की मी फोटो पुसून टाकायचो. अकरा वर्षं. त्याला शिस्त समजत होतो.

हे तिला सांगवलं नाही. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती, त्या रात्री माझा तारा सर्वांत मंद होणार होता. तो चुकायला नको म्हणून मी तिला एकटीलाच माणगावला पाठवलं. आत्ता वही उघडून बघितलं. त्या रात्रीचा आकडा व्यवस्थित लिहिलेला आहे, खाली दोन रेघा मारून.

तो शेजाऱ्याचा आहे.