सणाच्या जेवणावरचा चहा

आई,

रविवारी तुझ्या नातीचं साक्षगंध आहे. मुलाकडची मंडळी धामणगावहून येणार, आपले अमरावतीचे येणार, आणि जेवणाचा बेत मी ठरवला. इथे अकोल्यात सासरच्या सगळ्या गोतावळ्यात हे काम माझ्याकडेच असतं. कुणाकडे बारसं असो की महालक्ष्म्या, आधी मला फोन येतो, की काय करू आणि त्यासोबत गरम काय देऊ. मी तुझं नाव सांगते आणि वर भावही खाते. अनारशासोबत दुधाचा चहा द्यायचा नाही, गोडावर गोड झालं की तोंडाला मिठी बसते, म्हणून सुंठ ठेचून कोरा चहा. मिरचीच्या भज्यांना गवती चहा, त्यात आलं नको. रोडगे आणि वांग्याची भाजी झाली की वाटीत गरम कढी, नुसती प्यायला. आणि पुरणाचं जेवण असलं की शेवटचा घास ताटात असतानाच आल्याचा कडक चहा, वाफ निघत असलेला. हे शेवटचं मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलं नाही. तू सांगायचीस, त्यानं पुरण पचतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई हसल्या होत्या, जेवताना कुठं चहा पितात काय म्हणून. पण मी हट्टानं सुरू केलं, आणि आता या घराची ती रीतच झाली आहे.

मागच्या महिन्यात मुलाकडचे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हाही मी पुरणच केलं. मुलगा चांगला वाटला. वाकून पाया पडला, हळू बोलतो, आवाज कधी चढत नाही. मी मनात म्हटलं, पोरीनं नशीब काढलं. पोळ्या संपत आल्या आणि मी चहा आणला, पण वाढता वाढता आमचे हे मानपानाचं काहीतरी बोलत बसले आणि चहा जरा निवला. मुलानं कपाला बोट लावलं. मग कुणाकडे न बघता त्यानं तो कप दोन बोटांनी आपल्या आईकडे सरकवला. बोलणं चालूच होतं, त्यानं त्यात खंडही पडू दिला नाही. आणि ती बाई, आमच्या घरची पाहुणी, हातातला घास ताटात ठेवून उठली. मी म्हटलं, "अहो, बसा ना, मी आणते गरम करून." तर म्हणाली, "नाई बाई, त्याचं मलेच बरोबर समजते."

मी तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले. तिनं गॅस मोठा केला, चहाला उकळी आणली, चमच्यानं एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकला आणि थांबली. पुन्हा उकळला, पुन्हा थेंब टाकला. त्या जागी कातडीवर तपकिरी ठिपके होते, जुने, एकमेकांत मिसळलेले. माझं लक्ष गेलेलं पाहून तिनं बांगड्या खाली ओढल्या आणि विषय बदलला.

"कशावर काय गरम द्यावं, हे तुमी कोनाकडून शिकल्या?" ती म्हणाली.

"आईकडून."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर वाईट असं काहीच नव्हतं, उलट ओळखीचं माणूस भेटल्यावर असतो तसा तो मोकळा झाला होता. "मंग तुमच्या घरीबी असंल कोनी असा," म्हणाली, आणि कप घेऊन बाहेर गेली.

मी तिथेच ओट्यापाशी राहिले. बाहेरून पुरणाचं कौतुक ऐकू येत होतं. आई, इतकी वर्षं मी जिला तुझी कला म्हणत आले, ती काय होती हे त्या परक्या बाईनं एका वाक्यात सांगून टाकलं. तू चवीचा विचार करत नव्हतीस. बाबा कशावर उठून जातील, कशावर गप्प होतील, याचा अंदाज बांधत होतीस. सणाच्या आधी तू डाळ निवडत बसायचीस आणि तुझे ओठ हलायचे. आम्ही समजायचो स्तोत्र म्हणते आहे. तू पंगत कधी बसेल, बाबा कितव्या पोळीवर असतील, चहा कधी टाकायचा, याची उजळणी करत होतीस.

महालक्ष्म्यांचा तो दिवस आठवतो मला. अमरावतीचं आपलं घर माणसांनी भरलेलं, आंबिलीचा वास, आणि मी लिंबाच्या फोडींची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. चहाला उशीर झाला आहे. बाबा पंगतीतून उठून आत आले आहेत, आवाज नेहमीसारखा मऊ. ते आपला पेला तुझ्या हातून घेतात, चहा परत पातेल्यात ओततात, तो खळखळ उकळेपर्यंत शांतपणे उभे राहतात. मग तुझा डावा हात धरतात, जशी बांगड्या भरणारी धरते तसा, आणि तळव्यावर हळूहळू चहा ओततात. "याले म्हनतात गरम," बाबा म्हणतात. तू ओरडत नाहीस. बाहेर माणसं आहेत ना. ते गेल्यावर तू हात पाण्यात बुडवलास, मला पाहिलंस आणि म्हणालीस, "वाफ लागली. कोनाले सांगजो नोको." मग उजव्या हातानं तूप वाढायला गेलीस. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, कशावर काय द्यावं ते वहिनीकडूनच शिकावं. तू हसलीस. मला आता बाबांचा राग येतो त्यात नवल नाही, पण त्या हसण्याचाही येतो. ते हसू पाहूनच मी शिकायला बसले.

पाहुणे गेल्यावर मी पोरीला म्हटलं, त्याचं ते कप सरकवणं मला आवडलं नाही. ती म्हणाली, "आई, त्याले चहा गरम लागते, एवढंच ना? तू कावून एवढा बाऊ करून राहिली? तो तर कधी ओरडतबी नाही." मी म्हटलं, तुझे आजोबाही कधी ओरडले नाहीत. तिला ते आजोबांचं कौतुक वाटलं. पुढचं माझ्या तोंडून निघालं नाही. यांना सांगायला गेले तर म्हणाले, एवढ्यातेवढ्यावरून जमलेलं लग्न मोडतात काय. मी पण स्वतःला समजावलं, की उगाच शंका घेते आहे, आणि बेत ठरवत बसले. पुरणपोळी, कढी, वडे, आचारीही सांगून टाकला.

काल पोरीनं मागवलेलं पार्सल आलं. उघडलं तर आत लांब सुईचा थर्मामीटर, स्वयंपाकात वापरतात तसला. मुलानं मेसेजवर कळवलं आहे म्हणे, चहा किती डिग्री असला म्हणजे त्याला चालतो. "पाह्य ना आई, किती नीट सांगते तो सगळं," असं म्हणत ती गॅसपाशी उभी राहिली, सुई चहात बुडवून. आकडा पुढे गेला की "अगं बाई" म्हणून फुंकर मारायची, मागे आला की गॅस वाढवायची. हसत होती. खूश होती गं. मी दारात उभी होते. तिला कुणी हात लावलेला नाही, एक शब्द वाकडा बोललेला नाही, आणि तरी ती आत्तापासून उजळणीला लागली आहे.

आज सकाळी मी आचाऱ्याला फोन करून रविवारचं रद्द केलं. "कावून ताई, काई झालं काय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, अजून काही झालेलं नाही. घरात कुणालाच हे माहीत नाही. पोर पलीकडच्या खोलीत साडीवर कोणती चोळी घालायची ते मैत्रिणीला फोनवर विचारते आहे. तू गेलीस तिथं हे पत्र पोचणार नाही, फाडूनच टाकीन. पण हे संपलं की मी उठून तिच्याकडे जाणार, ती कावून म्हणून विचारणार, आणि मला तुझ्या हाताचं सांगावं लागणार. तू नको म्हणाली होतीस. ती मला आयुष्यभर माफ करणार नाही असंही होईल. मला फार भीती वाटते आहे, आई, म्हणून तर इतका वेळ तुझ्याशीच बोलत बसले.