बसऱ्याचे डॉक्टर आणि आपण दोघी

ती. आत्याबाईंना द्वारकेचा नमस्कार.

तुमचं वर्षश्राद्ध परवा झालं. पंगत उठता उठता पालीहून आलेल्या वन्सं चार बायकांसमोर म्हणाल्या, "माझ्या आईचं सगळं वहिनीनं केलं. अशी सून मिळायला पुण्याई लागते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हातात ताकाचं भांडं घेऊन उभी होते.

खरं काय ते त्या घोळक्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारी माणसं तीनच. मी, डॉक्टर आणि तुम्ही. डॉक्टर सांगणार नाहीत. तुम्ही गेलात. मग लिहायचं तरी कुणाला? म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्हाला तो दिवस कितपत आठवत होता, मी कधी विचारलं नाही. भाद्रपदातली दुपार होती. तुम्ही ओटीवर सुपारी फोडत बसला होतात. अडकित्ता हातातून सुटला आणि तुम्ही भिंतीला टेकून तशाच कललात. अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं, जिभेला शब्द सापडेना. नारळी-पोफळीची एवढी वाडी एकटीनं सांभाळणारी बाई तुम्ही! रहाटाचा बैल अडला तर गड्याला बाजूला सारून स्वतः हाकायचात. त्या तुम्हाला पाण्याचा घोटसुद्धा माझ्या हातून घ्यावा लागला. आणि माझ्याच हातून, हे तुम्हाला जास्त लागलं असणार. खरं ना?

आपलं पटत नव्हतं, हे आता लिहायला हरकत नाही. लग्नाला अकरा वर्षं होऊन मला मूल नव्हतं. एकदा तुम्ही शेजारच्या काशीकाकूला, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालात, "न धरणारी पोफळ आमी तोडून टाकतो." तुमचं अंग पुसताना, कुशीवर वळवताना, पेज भरवताना ते वाक्य माझ्या सोबत असायचं.

वैद्यानं तेल दिलं. वन्संनी पालीचा अंगारा आणला. तुमचे चिरंजीव महिन्यातून एकदा मुंबईहून आगबोटीनं यायचे, तुमच्या पायाशी बसून डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी परत गोदीतल्या नोकरीवर जायचे. नागावात जो येई तो विचारी, "म्हातारी कशी आहे?" मला कुणी काही विचारलं नाही. विचारावं असं मलाही वाटलं नव्हतं.

मग दिवाळीनंतर तुम्ही खाणं सोडलंत. दात घट्ट मिटून घ्यायचात; दिवसाकाठी चार चमचे पेज कशीबशी पोटात जाई. एके दिवशी डाव्या हातानं वाटी उडवलीत, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गरम पेज माझ्या मांडीवर सांडली, आणि मी तुमच्या थोबाडीत मारली.

अंथरूण ओलं झालं होतं. ते मी पाहिलं, आणि तसंच टाकून विहिरीवर जाऊन बसले. आतून तुमचा आवाज येत होता. शब्द नव्हता, नुसता आवाज. मी उठले नाही. ऊन पोफळींतून खाली उतरेपर्यंत बसून राहिले. मग आले, अंथरूण बदललं, तुम्हाला कोरडं केलं. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. मी तुमच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. रेवदंड्याचे म्हातारे, ज्यांना सगळे बसऱ्याचे डॉक्टर म्हणत. मोठ्या लढाईत पलटणीबरोबर इराकात, बसऱ्याला जाऊन आलेले, पेन्शन घेऊन घरी बसलेले. म्हातारी खात नाही म्हणून काशीकाकूनं त्यांना निरोप धाडला होता. त्यांनी तुम्हाला तपासलं. मग बाहेर ओटीवर येऊन मला म्हणाले, "बाई, तुम्ही कशा आहात?"

मी म्हटलं, "मला काय झालंय? मी बरी आहे."

"मग ही रिकामी वाटी का घट्ट धरून ठेवली आहे?"

मी हाताकडे पाहिलं. खरंच, पेजेची वाटी अजून हातातच होती! काय झालं कुणास ठाऊक, मी सगळं सांगून टाकलं. थोबाडीत मारल्याचं, विहिरीचं, पोफळीच्या त्या बोलण्याचंही. आता हे मला झाडणार, म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

त्यांनी झाडलं नाही. म्हणाले, "बसऱ्याला माझ्याकडे शिपाई यायचे. पायाला जखम नाही, पण चालता येत नाही. जिभेला काही नाही, पण बोलता येत नाही. डोळ्यांदेखत जे पाहिलं ते आत अडकलेलं असायचं. काही जणांना ते बोलायला लावलं, हळूहळू, घाई न करता, तेव्हा बरं वाटू लागलं. सगळ्यांना नाही. पण आणखी एक पाहिलं. त्यांची शुश्रूषा करणारे धडधाकट नोकर एके दिवशी त्यांच्याच अंगावर धावून जायचे, आणि मग कोपऱ्यात बसून रडायचे. औषध त्यांनाही लागायचं."

"कसलं औषध?"

"हेच. आत्ता तुम्ही घेतलंत ते."

मला ते सगळं वेडगळ वाटलं. बोलून का कुठं रोग जातो? गावालाही तसंच वाटलं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा सायकलवरून येऊ लागले. अर्धा तास तुमच्याजवळ बसत, अर्धा तास ओटीवर माझ्याशी बोलत. ना बाटली, ना पुडी. वन्सं आल्या तेव्हा चिडल्या, "घरातलं बाहेरच्या माणसाला सांगतेस? त्यापेक्षा भगताला दाखव." पण मी डॉक्टरांना येऊ नका असं सांगितलं नाही.

तुमच्याजवळ ते काय करत, ते मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. बरंचसं काहीच ऐकू येत नसे. ते एक प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. कितीतरी वेळ! तुमचा एक शब्द फुटेपर्यंत माझ्या भाताचं आधण यायचं. पण फुटायचा. आम्ही बाकीची माणसं तुमचं वाक्य आपणच पुरं करून टाकत होतो. तुमच्या अंगावरून वारं गेलं, तशी आम्ही तुमची बोलण्याची पाळीच काढून घेतली होती.

तुम्ही काय बोललात, हे मी एकदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांचं त्यांच्याजवळ. तुमचं तुमच्याजवळ. पण दोघींनी एकमेकींना सांगण्यासारखं काही आहे. धीर होईल तेव्हा सांगा. मी बसेन."

धीर व्हायला महिना गेला. मी तुमच्या उशाशी बसले. डॉक्टर दाराशी स्टुलावर. मी म्हटलं, "आत्याबाई, मी तुम्हाला मारलं. आणि मुद्दाम ओल्यात ठेवलं."

तुम्ही माझ्याकडे मान वळवलीत. मग म्हणालात, "ठाव... हाय."

आणि त्यापाठोपाठ, "मी... बी."

मला वाटलं, जीभ घसरली. पण तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. ते पुरतं कळायला तीन दुपारी लागल्या. तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा तुम्ही विशीतल्या. त्या तुम्हाला शिव्या देत. एकदा त्यांनी पाणी मागितलं आणि तुम्ही दिलं नाहीत. "पानी... न्हाय दिलं. ऐकू येत व्हतं. न्हाय दिलं." त्याच रात्री त्या गेल्या. चाळीस वर्षं तुम्ही हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मी विचारलं, "म्हणून खाणं सोडलंत? शिक्षा म्हणून?"

तुम्ही डाव्या हातानं माझं मनगट धरलंत. "न्हाय. तू... माझ्यावानी... व्हशील. म्हून. लवकर... सुटावं."

मी मारल्यावर तुमच्या डोक्यात हे आलं, की खाणं सोडतानाच होतं? की मला बरं वाटावं म्हणून तुम्ही तसं म्हणालात? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "मलाही नाही सांगता येणार." त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही पेज मागून घेतलीत, एवढं मात्र खरं.

त्यानंतर सगळं गोड झालं असं वन्संना वाटत असेल. तुम्हाला माहीत आहे, तसं झालं नाही. हात परत आला नाही. पाय आला नाही. डॉक्टरांनी घालून दिलं होतं की रोज तासभर काशीकाकू तुमच्यापाशी बसेल आणि मी घराबाहेर जाईन, आणि दिवसातून एकदा आपण दोघींनी त्या दिवशी काय वाईट वाटलं ते एकमेकींना सांगायचं. काही दिवस सांगितलं. काही दिवस नुसत्या भांडलो. एकदा मी ओरडले, तर तुम्ही वाकड्या तोंडानं हसून म्हणालात, "जा. हिरीवर जा. बस जा." मला इतकं हसू आलं, आत्याबाई! अकरा वर्षांत या घरात आपण दोघी एकत्र हसलेल्या मला आठवत नाही.

एक राग मात्र आहे, तो लिहून टाकते. ते पाण्याचं मला आधी का नाही सांगितलंत? मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा सांगायचं होतं असं नाही. पण सासूला भिणारी सून कशी असते, हे तुमच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी तुम्ही मला पोफळ म्हणालात. यावरही बोलायचं होतं. राहून गेलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी माझ्या त्या तासाला समुद्रावर गेले होते. काशीकाकू बोलवायला आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी रडले नाही. बायकांनी ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं. खरं सांगायचं तर खांदे हलके वाटले, आणि त्याची लाज वाटली. दोन्ही एकदम. डॉक्टरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "दोन्ही असू द्या." अजून दोन्ही आहेत.

आता कामाचं. काल डॉक्टरांचा निरोप आला. थळला एक कोळीण आहे. तिचा नवरा होडीच्या डोलकाठीवरून पडला, त्याची कंबर गेली. सात महिने ती त्याचं सगळं करते आहे. अलीकडे ती बोलेनाशी झाली आहे, आणि नवऱ्याच्या दंडावर वळ दिसतात. डॉक्टर पुरुष माणूस, ती त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही. त्यांनी विचारलं आहे, "तुम्ही जाऊन बसाल का?" मी हो म्हटलं. उद्या सकाळी गाडी जुंपायला सांगितली आहे.

मी तिला उपदेश करणार नाही. मला तो येत नाही. विचारीन, तू कशी आहेस, आणि थांबेन. लागेल तितका वेळ थांबेन. तिनं विचारलं, तर मी तुम्हाला मारलं हे सांगेन. पुण्याईची सून म्हणून तिच्यासमोर बसणार नाही, हे तुम्हाला वचन. पाण्याचं मात्र सांगणार नाही. ते तुम्ही मला सांगितलंत, माझ्यापाशीच राहील.

तुमची सून,
द्वारका