पेटी साफ आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी १९५८

खोटं बोललो. सदतीस जणांसमोर, टाय लावून, हातात अध्यक्षाची हातोडी धरून!

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन. जेवणानंतर तळघरातल्या दालनात बंधुमंडळाची, म्हणजे या घरात एकत्र राहणाऱ्या आम्हा कॉलेजातल्या मुलांची, बैठक होती. विषय एकच. डेल्बर्ट झुपानला आमच्यात घ्यायचं की नाही. बाकीचे सहा उमेदवार गेल्या आठवड्यातच पार पडले. पेटी फिरली. प्रत्येकानं भोकातून आत हात घालायचा आणि पांढरी गोटी किंवा काळा ठोकळा खाली सोडायचा. कोणी काय सोडलं ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. एक जरी काळा निघाला तरी उमेदवार बाद. आणि आत बघायचा मान एकट्या अध्यक्षाचा, म्हणजे गेल्या एप्रिलपासून माझा. ऐंशी वर्षं हे असंच चाललंय.

झाकण उघडलं. सगळ्या पांढऱ्या गोट्या. त्यांच्यात एक काळा ठोकळा.

डेल्बर्ट बाहेर जिन्यापाशी उभा होता. क्लीव्हलंडच्या खाटकाचा मुलगा, सगळ्या उमेदवारांसारखा आमच्याच घरात राहणारा. गडगडाटी हसतो, काटा मुठीत धरतो, बूट करकर वाजवत चालतो. पण नोव्हेंबरात मी तापानं फणफणलो होतो तेव्हा एवढ्या मोठ्या घरात मला सूप आणून देणारा तो एकटाच. बाकीचे दारातूनच 'काय अध्यक्ष, जिवंत आहेस ना?' म्हणून पुढे! नंतर एकदा मी त्याला तसं बोलूनही दाखवलं, की तुझ्याखेरीज कोणी विचारलं नाही रे. दुसऱ्या कोणाला हे सांगायची हिंमत नाही माझी.

"पेटी साफ आहे, बंधूंनो," मी म्हणालो. आवाज कापलासुद्धा नाही.

ठोकळा आणि गोट्या खणात परत ओतल्या. झालं.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

दात घासताना लक्षात आलं. ज्यानं तो टाकला, त्याला माहीत आहे!

तो तिथेच बसला होता. मी साफ म्हणालो तेव्हा त्यानंही टाळ्या वाजवल्या. आता अध्यक्ष खोटारडा आहे हे त्याला पक्कं ठाऊक, पण बोलला तर त्याचं स्वतःचं मत उघडं पडतं. म्हणजे या घरात ही गोष्ट दोघांना माहीत आहे. तो मला ओळखतो, मी त्याला ओळखत नाही. असली भागीदारी वैऱ्याच्याही वाट्याला नको.


शनिवार, ८ फेब्रुवारी

आज डेल्बर्टचा शपथविधी. 'सर्व बंधूंच्या एकमुखी संमतीने' हे वाक्य मलाच म्हणावं लागतं. म्हटलं. बिल्ला लावताना त्याच्या कोटाला टाचणी आत जाईना, एवढं जाड कापड. तो ढसाढसा रडत होता.

नंतर कोपऱ्यात गाठून म्हणाला, "लॉरेन, लेका, खरं सांग. एकानंसुद्धा नाही म्हटलं नाही?"

"एकानंही नाही."

दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

न्याहारीला सगळ्यांची तोंडं बघत बसतो. नॉरिस गिब, आमचा उपाध्यक्ष, माझ्याच वर्षाचा, शेजारच्या खोलीतला. न मागता माझ्याकडे पाकाची बाटली सरकवली. एवढा गोडवा कशाला? पलीकडच्या बाकावर एकानं माझी नजर चुकवली. त्याला बहुतेक झोप आली होती. उद्या मी पावाच्या तुकड्याकडेही संशयानं बघेन.

मी एकुलता एक. भाऊ हवेत म्हणून तर इथे आलो. सदतीस मिळाले, आणि आता त्यातला प्रत्येक जण 'तो' आहे.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

नॉरिस नाही. किंवा नॉरिसच.


रविवार, १६ फेब्रुवारी

डेल्बर्टच्या वडलांनी खोकंभर सॉसेज पाठवले, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी वाचून दाखवायची म्हणजे अर्थात अध्यक्षानंच.

'माझ्या मुलाला तुम्ही अडतीसही जणांनी आपल्या घरात घेतलं. एकाच्याही मनात दुसरं नव्हतं, असं तो लिहितो. आम्ही या देशात दुकान टाकलं तेव्हा पहिलं वर्षभर गल्लीतलं कोणी आत पाऊल टाकत नव्हतं. त्याच्या आईनं हे ऐकायला हवं होतं. अडतीस जण आहात म्हणून अडतीस सॉसेज. एकेकाला एकेक.'

टाळ्या, शिट्ट्या, टेबलावर चमचे. डेल्बर्टचे कान लाल. मग सगळ्यांनी ताव मारला. त्यानंही खाल्लं असणार, ज्यानं ठोकळा टाकला त्यानं. मोहरी लावून!

मी माझं सॉसेज काट्यानं नुसतं इकडून तिकडे सरकवत होतो. घराची देखरेख करणाऱ्या मिसेस ऑल्बी शेजारून कुजबुजल्या, "लॉरेन, पोट बिघडलंय का रे? दोन घास तरी खा, बरं दिसत नाही." बरं दिसावं म्हणून खाल्लं.

माझ्या वेळी तेव्हाचा अध्यक्षही म्हणाला होता, पेटी साफ आहे. तीन वर्षं मी त्या वाक्यावर जगलोय. आज पहिल्यांदा वाटलं, कशावरून?


सोमवार, २४ फेब्रुवारी

आज शिस्तीची सुनावणी. वेंडेल प्रूइटनं सकाळच्या प्रार्थनेला आजारी मित्राच्या नावापुढे हजेरीची सही केली. कॉलेजनं पकडलं, आमच्याकडे धाडलं.

"एकदाच केलं मी," प्रूइट म्हणाला, "आणि तेही स्वतःसाठी नाही. तो बिचारा ओकत होता वर."

मी घसा खाकरला. "खोटी सही ती खोटी सही, बंधू प्रूइट. हेतू कितीही चांगला असो." एक महिना मताचा हक्क बंद. हातोडी आपटली.

मागून कोणीतरी खोकलं. झटकन वळून पाहिलं तर तिघं खोकत होते. फेब्रुवारी आहे, खोकणारच. तरी तिघांचीही नावं मनात टिपून ठेवली.


बुधवार, २६ फेब्रुवारी

प्रूइट जिन्यात भेटला. "नमस्कार, अध्यक्ष." अदबीनं, नजर खाली. चपराक मारली असती तर बरं झालं असतं.


सोमवार, ३ मार्च

सांगून टाकलं.

चार दिवस भाषण घोकत होतो. उभा राहिलो, घसा खाकरला, परत खाकरला (ही माझी सवय), आणि पेटीत काळा होता, मी साफ सांगितलं, इथपासून राजीनाम्यापर्यंत सगळं बोललो. मन हलकं होत गेलं. अगदी शब्दाशब्दाला! हातोडी टेबलावर ठेवली.

मग नॉरिस म्हणाला, "बरं. आणि डेल्बर्टचं काय?"

डेल्बर्ट तिसऱ्या ओळीत बसला होता.

देवा रे. माझ्या अख्ख्या भाषणात त्याचं नाव नव्हतं. 'एका उमेदवाराच्या बाबतीत' असं म्हणालो होतो मी. माझा अपराध, माझा अंतरात्मा, माझा राजीनामा, सगळं माझंच! तो समोर बसलाय, बिल्ला लावून, याचा चार दिवसांत एकदाही विचार केला नाही.

तो उठला. टाचणी निघता निघेना. शेवटी कापड ओढूनच काढली. बिल्ला हातोडीशेजारी ठेवला आणि करकर बूट वाजवत वर गेला.


मंगळवार, ४ मार्च

अध्यक्षाची खोली सोडली. माळ्यावरच्या लांबलचक दालनातली खिडकीखालची खाट मिळाली. ट्रंक उचलायला कोणी आलं नाही. मीही हाक मारली नाही.

कोणी वाईट बोलत नाही. मीठ मागितलं की मिळतं. पण जेवायला बसलो की माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहतात, आणि उशिरा येणारे त्या उचलून पलीकडे नेतात.


गुरुवार, ६ मार्च

डेल्बर्टला कपडे धुवायच्या खोलीत गाठलं. माफी मागायला गेलो होतो.

"तुला कोणी सांगितलं होतं रे मला वाचवायला?" तो शर्ट पिळत म्हणाला. वर पाहिलंही नाही.

"ते अन्यायाचं होतं, डेल. एका माणसामुळे—"

"तो ठोकळा माझा होता. माझ्या नावाचा. त्याच दिवशी माझ्या हातात द्यायचास! घरी गेलो असतो, दोन दिवस रडलो असतो, संपलं असतं. आता बापाला काय लिहू? एक सॉसेज चुकून जास्त गेलं, असं?"

"मला राहवलं नाही."

"तेच ना! तुला राहवलं नाही. दोन्ही वेळा तुलाच राहवलं नाही. आणि भोगायचं मी."

शर्ट झटकला, चार थेंब माझ्या तोंडावर उडाले. मी पुसले नाहीत. तो गेल्यावर मग पुसले.


शुक्रवार, ७ मार्च

बंधुमंडळाच्या मुख्य कार्यालयाची तार आली. झालेलं मत रद्द. सतरा तारखेला पुन्हा मत घ्या. तोवर झुपानला बिल्ला नाही. नॉरिस हंगामी अध्यक्ष.


सोमवार, १० मार्च

बैठकीत एक ठराव मांडला. साधा सभासद म्हणून तेवढा हक्क अजून आहे. यापुढे पेटीत एकानं नाही, दोघांनी बघावं. माझ्यासारखा पुन्हा कोणी निघाला तर?

नॉरिस उठला. छान बोलतो तो, हे मान्य करायलाच हवं. "आपण भाऊ आहोत की तुरुंगाचे पहारेकरी? एक जण घसरला म्हणून उरलेल्या सगळ्यांच्या मागे माणूस लावायचा? विश्वास नसेल तर हे घर हवंय कशाला?" टाळ्यांचा कडकडाट. माझेही हात जवळ आले होते!

बाजूनं एक मत. ते कोणाचं हे सांगायला पेटी नको.


बुधवार, १२ मार्च

गंमत बघा. मला वाटलं होतं डेल्बर्ट एकटा पडेल. उलटंच झालंय. त्याच्यावर अन्याय झाला, तर सगळे त्याचे! कोणी त्याला सिनेमाला नेतंय, कोणी आपला कोट देतंय. काटा कसा धरायचा ते नॉरिस स्वतः शिकवतोय, हसत हसत, त्याच्या खांद्यावर हात टाकून. याला मताची भीती कसली? सगळी भीती मिळून माझ्या खाटेवर येऊन झोपते.

दुपारी मिसेस ऑल्बींनी पत्ते खेळायला बोलावलं. "घरी जाऊन ये ना दोन दिवस," म्हणाल्या. घरी आई विचारेल, भाऊ कसे आहेत तुझे? नको.


शनिवार, १५ मार्च

ओव्हरकोट घ्यायला खाली उतरलो. बैठकीच्या खोलीत हशा. डेल्बर्ट स्टुलावर चढला होता, हातात हातोडी म्हणून लाकडी डाव. घसा खाकरला. परत खाकरला.

"बंधूंनो! माझा अंतरात्मा! माझा अंतरात्मा मला जेवू देत नाही, बंधूंनो!"

हुबेहूब. माझी मान तिरकी होते तीसुद्धा. नॉरिस डोळे पुसत होता. प्रूइट तर जमिनीवर लोळत होता.

डेल्बर्टनं मला पाहिलं. थबकला. क्षणभर वाटलं, उतरेल आता. तेवढ्यात सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि आता हा काय करतो म्हणून परत त्याच्याकडे. त्यानं डाव उंच केला.

"आणि बंधूंनो, मी तापानं मरत होतो तेव्हा मला सूपसुद्धा कोणी विचारलं नाही!"

घर डोक्यावर घेतलं त्यांनी.

ते मी फक्त त्याला सांगितलं होतं. कोट न घेताच बाहेर पडलो. बर्फातून कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. कुठे जायचं तेच सुचेना.


रविवार, १६ मार्च

शांतपणे विचार केला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला आत यायचंय, आणि मला हसणं ही आत यायची सगळ्यात स्वस्त वाट आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही डाव उचलला असता. मी त्याचं जे केलं त्यापुढे हे काहीच नाही.

दुखलं मात्र फार. हेही लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे! एवढं दुखेल असं वाटलं नव्हतं.

उद्या मत. पांढरी. पांढरीच. क्लीव्हलंडच्या त्या दुकानातल्या माणसासाठी तरी.


सोमवार, १७ मार्च

नॉरिसनं झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत राहिला. मग झाकण लावलं, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "पेटी साफ आहे, बंधूंनो!" डेल्बर्टला खांद्यावर घेऊन सगळे नाचत वर गेले. मीही टाळ्या वाजवल्या.

आजचा काळा ठोकळा मी टाकला होता.